उंबऱ्याशी राखलेली जमीन

रक्तपिती झालेल्या माणसानं देवळाचा उंबरा ओलांडायचा नाही. का, ते विचारायचं नाही. हन्ना सून म्हणून बोरसरला आली, तेव्हा पहिल्याच रविवारी थोरल्यांनी तिला हा नियम सांगितला.

तेव्हा बोरसरात ख्रिस्ताचं देऊळ म्हणजे मातीच्या चार भिंती आणि वर गवताचं छप्पर. घंटेच्या जागी चिंचेला टांगलेला लोखंडाचा तुकडा. हन्ना ऐन तरुणपणी विधवा झाली आणि देवळाची जमीन सारवायचं काम तिच्याकडे आलं.

नदीपलीकडे काशीबाई राहायची. रक्तपितीनं तिची बोटं झडली होती. लेकांनी तिला घराबाहेर काढलं होतं. हन्नानं तिला आपल्या खोपटात आणलं, जखमा धुतल्या, भाकर कुस्करून भरवली.

"अगं, शिवू नकोस मला," म्हातारी म्हणायची.

"शिवले की केव्हाच. आता गुमान जेव."

त्यानंतरच त्या जमिनीला गुण आला, असं म्हणतात. भर वैशाखात ती गार असायची. तापानं फणफणलेलं पोर तिथं निजवलं की खेळत उठायचं. भांडून आलेले भाऊ तिथं गुडघे टेकायचे आणि एकाच वाटेनं घरी जायचे. लोक म्हणायचे, हन्नाच्या हातात देव आहे. हन्ना काही बोलायची नाही. खरं काय ते कुणाला सांगायचं नाही, अशी काशीबाईनं तिला शपथ घातली होती.

मग कुणीतरी पंचांच्या कानावर घातलं, की हन्ना त्या म्हातारीबरोबर एका ताटात जेवते. थोरले पंच याकोबदादा म्हणाले, "असल्या हातांनी देवाची जमीन सारवायची नाही." हन्नानं घमेलं खाली ठेवलं आणि ती घरी गेली.

पंचांच्या बायकांनी सारवून पाहिलं. जमीन रातोरात तडकायची. धोतरांना पोपडे चिकटायचे, आणि प्रार्थनेत आमेनपेक्षा खोकलाच मोठा व्हायचा. असं म्हणतात, की सात रविवार हे चाललं. आठव्या आठवड्यात याकोबदादा स्वतः खोपटाच्या दाराशी आले.

"चल पोरी. सारव. आणि उद्या पुढच्या रांगेत बस."

हन्नानं टोमणा मारला नाही. त्याच दिवशी तिनं देऊळ सारवलं.

रविवारी ती काशीबाईचा हात धरून आली. याकोबदादा दारात आडवे उभे राहिले. "तू ये. ती बाहेर."

काशीबाईनं तिचा पदर ओढला. "जा गं तू. मला इथून ऐकू येतं."

हन्नाला ती शपथ आठवली. आजवर तिनं ती पाळली होती, कारण कळलं तर हे लोक म्हातारीला गावातच राहू देणार नाहीत, अशी तिला भीती होती. आत सगळे गुडघे टेकून बसले होते, कपाळं जमिनीला लागली होती.

"मी येणार नाही, दादा," ती म्हणाली. "मी नुसता हात फिरवते. शेणकाला कालवते ती ही काशीबाई. माझ्या खोपटात आल्या दिवसापासून, याच पंजांनी, तुमचं एकेकाचं नाव घेऊन देवाजवळ मागत कालवते. हिला बाहेर ठेवायचं असेल, तर आधी ही जमीन उखडून काढा. मग मला बोलवा."

एकेक कपाळ वर आलं. कुणी जमिनीकडे पाहिलं, कुणी आपल्या तळहातांकडे.  याकोबदादा दारातून बाजूला झाले. काशीबाई आत येऊन टेकेपर्यंत एकही पंच बोलला नाही.

आता बोरसरच्या देवळात फरशी आहे. पण उंबऱ्यालगतची हातभर जमीन अजून मातीची ठेवली आहे. दर शनिवारी पंचांपैकी एक जण गावातल्या प्रत्येकाचं नाव घेत शेणकाला कालवतो आणि ती सारवतो. आणि रविवारी पहिल्या गीताआधी सगळे पंच उठून गप्प उभे राहतात, बाहेरचा शेवटचा माणूस आत येऊन बसेपर्यंत.