वलगणीच्या वाटेतला खडक

“...पण बुवा, हा शब्द मुळात आला कुठून?”

पोशाबुवा कोरड्या ओहळात वाकले होते. वैशाखाचं ऊन. त्यांनी मधला एक धोंडा उचलून काठावर ठेवला.

“कुठला शब्द?”

“वलगण.” त्र्यंबकरावांनी चष्मा पुसला. एकतीस वर्षं ते शब्दकोशाचं काम करत होते. “अर्थ ठाऊक आहे मला. पावसाळ्याच्या तोंडी नदीतले मासे धारेच्या उलट चढतात, भातखाचरांत अंडी घालतात, ती वलगण. पण व्युत्पत्तीची जागा कोरी आहे. माझे तीन तर्क आहेत. तिन्ही बहुधा चुकीचे.”

“तो तुमच्या पायाजवळचा घ्या.”

त्र्यंबकराव वाकले. दगड उचलून त्यांनी काठावर ठेवला.

“हे कशासाठी?”

“पाणी आलं की मासळी चढेल, पोटात अंडी घेऊन. वाट नको मोकळी? आमच्या गावात चढत्या मासळीला हात लावत नाहीत. उतरताना धरा, खुशाल खा.”

बराच वेळ दोघं दगड उचलत राहिले.

“शब्द कुणी सांगितला तुम्हाला?”

“पत्नीनं. ती इथलीच. हिरू.”

बुवा ताठ झाले.

“नथ्याची हिरू? म्हणजे गावचे जावई की हो तुम्ही. आणि मी तुम्हाला धोंडे उचलायला लावतोय.” ते हसले. “तिला का नाही आणलीत?”

त्र्यंबकरावांनी आणखी एक दगड काठावर नेला.

“दर वर्षी म्हणायची, वलगण चढली असेल, एकदा तरी चला. मी म्हणायचो, एवढा खंड होऊ दे.” त्र्यंबकराव थांबले. “सात खंड झाले.”

“आणि ती?”

“गेल्या माघात गेली.”

बुवांनी हातातला दगड हळूच खाली ठेवला.

“आठव्या खंडात हा शब्द येतो. त्याचं मूळ सापडलं, तर निदान तेवढं तरी तिच्यासाठी केलं असं होईल... दुसरं काही उरलं नाही हो माझ्या हातात.”

ओहळाच्या मधोमध एक काळा खडक होता. त्र्यंबकरावांनी त्याला दोन्ही हात लावले. मग खांदा लावला. चष्मा वाळूत पडला.

“राहू द्या, जावईबापू.”

“हलत नाही, बुवा. एकतीस वर्षं... नाही हलला.”

बुवा जवळ आले. त्यांनी त्र्यंबकरावांचा हात धरला आणि खडकाच्या कुशीला टेकवला.

“फिरवा हात.”

त्र्यंबकरावांनी फिरवला. वरून खडबडीत, काटेरी दगड. कुशीला मात्र बोटभर खोल, लांब खाच.

“गुळगुळीत आहे,” ते म्हणाले.

“दर वर्षी चढताना ती इथूनच जाते. अंग घासून.”