राजाच्या सात पिढ्या

फार जुन्या काळची गोष्ट. किती जुन्या, ते मला विचारू नका. मी काही तिथं नव्हतो. उत्तरेकडे थंड समुद्राच्या काठी डेन लोकांचं राज्य होतं. पूर्वेचा किनारा वेगळा, पश्चिमेचा वेगळा, आणि दोघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. मग एक राजा असा निघाला की दोन्ही किनाऱ्यांनी त्याला आपला म्हटलं. जुनं भांडण मिटलं आणि लगेच नवं उभं राहिलं. या राजाचा बाप कोण?

पूर्वेचा भाट सांगायचा, "समुद्रात बुडालेल्या आमच्या राजाचा हा मुलगा." पश्चिमेचा भाट म्हणायचा, "छे! आमचा राजा वेष पालटून फिरायचा, त्याचा हा." दोघांनी आपापल्या गाथा रचल्या होत्या. दोन्ही लांबलचक, आणि दोन्हींत नुसत्या तलवारीच तलवारी.

राजा स्वतः यावर काही बोलत नसे. दोन किनाऱ्यांच्या मधे एक खाडी होती. तिथं मासे सुकवणाऱ्या एका म्हातारीनं त्याला वाढवलं होतं. तान्हं पोर तिच्या दारात कोण ठेवून गेलं, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

राजाच्या पहिल्याच वर्षी, थंडीच्या तोंडावर, चंदेरी मासळीचा थवा खाडीत आला. हा थवा वर्षातून तीनच दिवस राहतो. तेवढ्यात मासळी धरायची, खारवायची आणि तिच्यावर अख्खा हिवाळा काढायचा. आदल्या वर्षी मासळी हुकली, तेव्हा लोकांनी पायातल्या जोड्यांचं चामडं उकळून खाल्लं होतं. या वर्षी जोडेसुद्धा उरले नव्हते.

पण त्या लोकांची एक रीत होती. पहिली होडी पाण्यात लोटण्याआधी भाटानं राजाच्या सात पूर्वजांची नावं समुद्राला ऐकवायची. कोणाची माणसं येताहेत ते समुद्राला कळायला नको? त्याशिवाय कोणी होडीत पाय ठेवत नसे.

पहिला दिवस दोन भाटांच्या भांडणात गेला. दुसराही गेला. मासळी पाण्यात चमकत होती आणि माणसं काठावर उपाशी उभी होती. असली शहाणी माणसं सगळ्या देशांत असतात.

राजा म्हणाला, "दोन्ही वंशावळी म्हणा आणि मोकळे व्हा."

एक लंगडा नावाडी म्हणाला, "दोन बापांचा राजा? समुद्र हसेल, महाराज. आणि तो हसला की होडी उलटते."

मग राजानं एकट्यानंच होडी पाण्यात लोटली. मागं कोणी आलं नाही. जाळं एकट्यानं ओढता येत नाही, राजा असला तरी. तो गुडघाभर पाण्यातून परत आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी थवा तोंड फिरवायला लागला. तेव्हा म्हातारी टोपली आपटत पुढं आली.

"सरका रे," ती म्हणाली. "ह्याला मी वाढवलाय. नावं मी सांगते. पहिलं माझं."

"बाईचं नाव वंशावळीत?" पूर्वेचा भाट ओरडला.

"मग ह्याला मासा कुस्करून काय तुझ्या दाढीनं भरवला?"

लोक हसले. म्हातारीनं दुसरं बोट धरलं. "दुसरी ती दोर वळणाऱ्याची बायको. ह्याला दूध पाजलं तिनं. तिसरा हा लंगडा. वल्हं धरायला ह्यानं शिकवलं. चौथा तो लोहार. पोरानं खिळे चोरले तेव्हा कान पिळला, आणि बरा पिळला. पाचवा हा मीठवाला. बर्फ फुटून पोर पाण्यात गेलं, तेव्हा ह्यानं केसाला धरून वर काढलं."

लंगडा नावाडी डोळे पुसत होता. काल समुद्राचं हसू सांगणारा तोच.

"हे पाच झाले," पश्चिमेचा भाट म्हणाला. "रीत सातांची आहे."

"मोजता येतं मला. उरलेले दोघे तुम्ही."

दोन्ही भाट एकमेकांकडे बघायला लागले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"दर वर्षी जाता-येता माझ्याकडे फुकट जेवायचात आणि गायचात," म्हातारी म्हणाली. "एकाचं गाणं ऐकून पोर बोलायला शिकलं. दुसऱ्याचं गाणं ऐकलं की झोपायचं. कोणाचं कुठलं, ते मी सांगणार नाही."

आता नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं तर राजाच्या वंशावळीतून स्वतःचंच नाव जाणार. पूर्वेचा भाट खाकरला. पश्चिमेच्यानं दाढी सारखी केली. "पण सहावा कोण आणि सातवा कोण?" तो म्हणाला.

"ते परत आल्यावर ठरवा," राजा म्हणाला. "आधी समुद्राला ऐकवा, मग दोराला हात लावा."

दोघांनी सात नावं एका आवाजात म्हटली. समुद्र हसला नाही. दोन्ही किनाऱ्यांची माणसं एकाच होडीत बसली, आणि संध्याकाळी जाळी इतकी जड झाली की भाटांच्या तळहातांना फोड आले. त्या हिवाळ्यात कोणी चामडं उकळलं नाही. माशाच्या रश्श्याचा वास फाल्गुनापर्यंत घराघरांतून येत होता.

राजाचा बाप कोण, हा वाद मिटला नाही. मिटायची गरजही नव्हती. राजानं एवढंच ठरवून दिलं की वाद जेवण झाल्यावर घालायचा. मग दोन्ही भाट पोटभर खाऊन रोज भांडायचे आणि लोक मजेत ऐकायचे. म्हातारीला खरं ठाऊक होतं म्हणतात. राजानं तिला कधी विचारलं नाही. तो तिच्या ताटात मोठा मासा वाढायचा.

आपण कोणाच्या रक्ताचे यावर लोकांना खुशाल भांडू द्यावं, पण आपल्याला ज्यांनी वाढवलं त्यांची नावं आपल्याला तोंडपाठ असावीत.