चुकलेली मोजणी

“मोजता येत नसेल, तर मोजायला उभं कशाला राहायचं, सिस्टर?”

डॉ. ऋत्विज पोतनीसचा आवाज ऑपरेशन थिएटरभर घुमला. एस्तेर सिस्टरांनी मान खाली घातली.

झालं होतं ते एवढंच. पोट शिवायच्या आधी रक्त टिपायची कापडं मोजताना सिस्टर म्हणाल्या होत्या, “थांबा, एक कमी आहे.” ऋत्विजने सुई ठेवली. पेशंटच्या पोटात हात घालून कोपरा न् कोपरा चाचपला. काहीच नाही. शेवटी बादलीत दोन कापडं एकमेकांना चिकटलेली सापडली. मग पोट शिवून पेशंटला बाहेर नेलं होतं आणि ऋत्विजने हातमोजे काढून फेकले होते.

“जिल्ह्यात माझ्या हाताचं नाव आहे,” ऋत्विज म्हणाला, “आणि मी इथे चिंध्या शोधत बसलो! चष्मा बदलून देऊ का?”

कोणीतरी फिस्सकन हसलं.

ऋत्विजच्या हाती पहिल्यांदा सुरी दिली ती त्याचे गुरू, जुने सर्जन आप्पा यांनी. आता त्यांचे हात थरथरत, म्हणून ते भिंतीशी नुसते उभे राहत. ते पुढे आले आणि त्यांनी सिस्टरांना हात जोडले.

“तुम्ही थांबवलंत. उपकार झाले.”

“आप्पा, त्या चुकल्या होत्या!”

“हो. चुकल्या होत्या.”

ऋत्विजला काही उमजेना.

दारात पुढच्या पेशंटची ढकलगाडी येऊन थांबली होती. बांगड्या उतरवलेल्या हातांनी एका म्हातारीने चादर घट्ट धरली होती.

“आजींना वॉर्डात परत न्या,” आप्पा म्हणाले. “आज ऑपरेशन नाही.”

“अहो, त्यांची गाठ वाढतेय! सगळं तयार आहे. कमी काय आहे?”

आप्पा सिस्टरांकडे वळले. “पुन्हा शंका आली, तर यांना थांबवाल?”

सिस्टरांनी ऋत्विजच्या चेहऱ्याकडे पाहिलं...

“खात्री असेल तर सांगेन,” त्या हळूच म्हणाल्या.

“हे कमी आहे,” आप्पा ऋत्विजला म्हणाले.

आता ऋत्विजला उमजलं. खात्री होईपर्यंत पोट शिवून झालेलं असतं. त्याची नजर म्हातारीच्या मुठींवर गेली. तिथून ती लवकर हलेना.

“सिस्टर,” तो म्हणाला. पुढचे शब्द जड गेले. “मघाशी मी बोललो ते वाईट बोललो. माफ करा. नुसती शंका आली तरी थांबवा. चुकलात तरी थांबवा.”

...

“डॉक्टर.”

“बोला.”

“तुमच्या बोटात अंगठी आहे. ती घालून ऑपरेशनला हात धुवायचे नसतात.” सिस्टरांनी त्या बोटाकडे खूण केली. “सकाळपासून बघतेय.”

आता कोणीच हसलं नाही. ऋत्विज कानापर्यंत लाल झाला. अंगठी घट्ट बसली होती. त्याने ती ओढून काढली.

आप्पा म्हणाले, “आता पेशंटला आत घ्या.”