भट्टीवरचा भुऱ्या

फार मागे नदीकाठच्या एका वीटभट्टीवर काही गाढवं विटा वाहायची. त्यांत भुऱ्या सगळ्यांत दणकट. एका सकाळी मालक गाडीवानाला म्हणाला, "माती संपली. एवढ्या विटा हलल्या की भट्टी बंद." ते गाढवांनी ऐकलं.

म्हातारी ठमी म्हणाली, "बाळांनो, पलीकडच्या गावचे कुंभार गाढवं शोधताहेत. पाठी धड आहेत तोवर सगळे मिळून जाऊ."

"तू जा, मावशी," भुऱ्या म्हणाला. "मी इथेच लहानाचा मोठा झालो. जीव तोडून राबणाऱ्याला मालक टाकणार नाही."

ठमी दोघांना घेऊन निघून गेली. भुऱ्या त्या दिवसापासून दुप्पट ओझं वाहू लागला. त्याचं पाहून बाकीचीही वाहू लागली. मागे पडेल त्याला आधी हाकलतील, ही धास्ती प्रत्येकाला. एकमेकांशी बोलणंसुद्धा बंद झालं. पाडव्यापर्यंत पुरल्या असत्या त्या विटा शिमग्यालाच संपल्या.

मालक खूश झाला. त्याने गाढवांचा व्यापारी बोलावला. व्यापाऱ्याने बाकीची मातीमोल भावात उचलली, भुऱ्याची सोलून निघालेली पाठ पाहून मात्र म्हणाला, "हे नको."

भुऱ्या आशेने मालकाजवळ सरकला. मालकाने त्याच्या मानेवर थोपटलं. "लई राबलास गड्या," असं म्हणत त्याने गळ्यातलं दावं सोडलं. दावं नवं होतं. ते नीट गुंडाळून त्याने गाडीत ठेवलं आणि गाडी हाकली.