रंभाजीबुवांसाठी कीबोर्ड

“मग लहान घ्यावा की मोठा?” निशिकांतनं विचारलं.

यशोदामाई समईतली जळकी वात काढत होत्या.

“काय?”

“कीबोर्ड, माई. बुवांसाठी. मघापासून तेच सांगतोय.”

“पुन्हा सांग.”

पैनगंगेच्या काठावर, गावापासून जरा लांब, यशोदामाईंचा मठ होता. रंभाजीबुवा त्यांचे गुरुबंधू. उभं आयुष्य बुवांनी मठाच्या ओसरीवर निरूपण केलं आणि सकाळच्या वेळी गावातल्या पोरांना मुळाक्षरं शिकवली. त्या उन्हाळ्यात त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. हात आधीपासूनच कंपवातानं थरथरायचे, त्यामुळे लिहून दाखवणंही जमत नव्हतं.

निशिकांत राजूरकर पुण्यात कॉम्प्युटरचं काम करायचा. ते सोडून तो माईंकडे दीक्षा मागायला आला होता. माईंनी दीक्षा दिली नव्हती. “बुवांकडे बघ,” एवढंच म्हणाल्या होत्या.

“लहान कीबोर्ड सुटसुटीत असतो,” निशिकांत सांगू लागला. “हात फार लांब न्यावा लागत नाही. पण बटणं जवळजवळ. मोठ्याची बटणं ऐसपैस, पण उजव्या अंगाला आकड्यांचा वेगळा ठोकळा असतो. बुवांना आकडे कशाला हवेत? उगाच अडचण.”

“बरं.”

“मग अक्षरांची मांडणी. एक सरकारनं ठरवलेली, एक जुन्या टाइपरायटरची आणि एक इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायची. मला तिन्ही येतात. खाली न बघता.”

“बुवांना कुठली येते?”

“एकही नाही. पण मी शिकवीन. सगळ्यांत वेगवान आहे ती शिकवीन.”

माईंनी नवी वात वळायला घेतली.

“त्यांना काय सांगायचंय, ते विचारलंस?”

निशिकांत हसला. “कीबोर्डशिवाय कसं विचारणार, माई?”

“आणि ते न विचारता कीबोर्ड कसा निवडणार?”

निशिकांतला तो प्रश्न खरा वाटला नाही. शब्दांचा खेळ वाटला.

“बुवांचं निरूपण अर्धंच राहिलंय,” तो म्हणाला. “लोक वाट बघताहेत. गुरुपौर्णिमेला बुवा पुन्हा बोलतील, असं मी सगळ्यांना सांगून बसलोय.”

माईंनी नवी वात समईत ठेवली.

त्यानं लहान कीबोर्ड आणला. इंग्रजी अक्षरांचा. बुवांच्या खिडकीशी चौरंग मांडला, त्यावर कॉम्प्युटरचा पडदा उभा केला आणि बुवांचं बोट बटणांवर ठेवलं.

बोट थरथरलं. पडद्यावर एकाच अक्षराची रांग उमटली. मग दुसऱ्याच कुठल्या तरी अक्षराची.

“सावकाश, बुवा. के आणि ए दाबलं की ‘क’.”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यभर ‘क’ शिकवत आलेला माणूस…

पुन्हा रांग उमटली. निशिकांतनं ती पुसली. मग त्यानं बुवांचं मनगट धरलं आणि स्वतःच त्यांचं बोट एकेका बटणावर नेलं. पडद्यावर आलं: ‘मला पाणी हवे’.

“हे बघा! जमलं की नाही?”

बुवांनी हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

निशिकांतनं कीबोर्ड बदलला. मांडणी बदलली. पुन्हा बदलली. बुवा भिंतीकडेच बघत राहिले.

शेवटी तो कीबोर्ड आणि पडदा उचलून माईंकडे आला.

“त्यांना शिकायचंच नाही, माई.”

“तुझं नाव लिही,” माई म्हणाल्या.

“कुठं?”

“त्याच्यावर. तुला येतं ना, न बघता?”

निशिकांतनं कीबोर्ड मांडीवर घेतला. बोटं ठेवली, तेवढ्यात माईंनी त्याचं कोपर धरलं आणि हलवायला सुरुवात केली. जोरात नाही. पण थांबल्या नाहीत.

त्यानं पहिलं अक्षर दाबलं. चुकलं. पुसायला गेला, ते बटणही चुकलं. त्यानं दात आवळले, पुन्हा दाबलं. पडद्यावर जे उमटत होतं त्यात त्याचं नाव कुठंच नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम आला. आपल्याच हाताचा त्याला राग आला, मग लाज वाटली.

माईंनी कोपर सोडलं.

निशिकांतनं कीबोर्ड मांडीवरून खाली ठेवला.

“आता काय करू?” त्यानं हळूच विचारलं.

“जाऊन बस त्यांच्यापाशी. हातात काही नेऊ नकोस.”

तो जाऊन बसला. पहिल्या दिवशी त्याला फक्त कंटाळा दिसला. दुसऱ्या दिवशी त्याला बुवांचा हात दिसला. तो हात अधांतरी असला की थरथरायचा. तळवा खिडकीच्या कठड्यावर टेकला की पुष्कळसा शांत व्हायचा. मग एकदा त्याला बुवांचे ओठ दिसले. ते एका लयीत मिटत होते, उघडत होते. मिटत होते, उघडत होते. त्याबरोबर एक बोट कठड्यावर थोडं थोडं पुढे सरकत होतं.

प, फ, ब, भ, म… बुवा मुळाक्षरं म्हणत होते. ओसरीवर म्हणायचे तशी, ओळीनं.

निशिकांतचे डोळे भरून आले. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

तो तालुक्याला गेला आणि सगळ्यांत मोठा कीबोर्ड घेऊन आला. गाड्यांच्या नंबरप्लेटा बनवणाऱ्याकडून त्यानं कीबोर्डएवढी प्लास्टिकची जाड पट्टी कापून घेतली. प्रत्येक बटणावर एक भोक. बोट भोकात उतरलं की शेजारी घसरायचं नाही. पुढच्या कडेला तळवा टेकवायला लाकडी फळी ठोकली. बटणांवरची अक्षरं झाकून त्यावर नवी चिकटवली: क, ख, ग, घ… पाटीवर असतात त्याच क्रमानं. आकड्यांच्या ठोकळ्यावर काना, मात्रा, वेलांट्या बसवल्या. कॉम्प्युटरलाही ती मांडणी शिकवली.

मग तो माईंना दाखवायला घेऊन आला. आता त्याच्या बोलण्यात तोरा नव्हता.

“याच्याइतकी हळू मांडणी जगात नसेल, माई. एक ओळ लिहायला अर्धी सकाळ जाईल.”

“बुवांना कुठं पोचायची घाई आहे?”

त्यानं कीबोर्ड बुवांसमोर ठेवला. या वेळी त्यांचा हात धरला नाही. बुवांनी तळवा फळीवर टेकवला. पट्टीवरून बोट फिरवलं, ओळीओळीनं, शेवटच्या ‘ज्ञ’पर्यंत. पण बटण दाबलं नाही. निशिकांतनंही दाबा म्हटलं नाही.

गुरुपौर्णिमेला ओसरी माणसांनी भरली. लांबलांबून लोक आले होते. पडदा सगळ्यांना दिसेल असा उंचावर लावला होता. बुवांना आणून बसवलं. त्यांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं आणि तळवा टेकवला.

‘म’ उमटला.

ओसरीवर कुजबुज झाली. पुढे बसलेल्या बाईंनी हात जोडले.

‘मला’.

लोक एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागले. बुवांचं बोट भोकांवरून सरकत होतं, थांबत होतं, थरथरत होतं, उतरत होतं. निशिकांतचा श्वास त्या बोटाबरोबर अडकत होता, सुटत होता.

‘मला बोलायचं’.

“बोलायचंय! बुवांना बोलायचंय!” मागून कोणीतरी ओरडलं.

बोट पुन्हा निघालं…

‘मला बोलायचं नाही’.

वाचणारे आवाज मध्येच थांबले.

“मशीन बिघडलं असेल,” कोणीतरी म्हणालं.

निशिकांत बुवांच्या कानाशी वाकला. “बुवा, लोक इतक्या लांबून आलेत. निरूपण अर्धं राहिलंय. दोन शब्द तरी…”

बुवांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं असावं. त्यांनी हात पुन्हा फळीवर टेकवला, बोट शेवटच्या ओळीच्या टोकाला नेलं आणि पूर्णविराम दिला.

मग त्यांनी हात मांडीवर घेतले आणि डोळे मिटले. ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा चेहरा इतका निवांत कोणी पाहिला नव्हता.

लोक हळूहळू उठले. प्रसाद घेतला, बुवांच्या पायांवर डोकं टेकवलं आणि निघून गेले. काहीजण नाराज होते. निशिकांतकडे कोणी पाहिलं नाही.

ओसरी रिकामी झाल्यावर तो माईंसमोर येऊन उभा राहिला.

“बोलायचंच नव्हतं, तर मी हे सगळं केलं कशासाठी, माई?”

माईंनी डोळे मिटून बसलेल्या बुवांकडे पाहिलं…

“कालपर्यंत ते मुके होते, निशिकांता. आज ते गप्प आहेत.”