अक्काने पाय दुमडले

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगरउतारावरच्या एका दाट रानात, ऐनाच्या झाडाच्या मुळांखाली शिकारी मुंग्यांचं घर होतं. साखरेच्या कणामागे धावणाऱ्या मुंग्या वेगळ्या. यांचं सगळं पोट वाळवीवर. उजाडता उजाडता टेहळणीची मुंगी वाळवीचं ठिकाण हेरून यायची, आणि मग दोनतीनशे बहिणी रांगेनं निघायच्या. वाळवीचे शिपाईही काही कमी नव्हते. रोज कुणाचा पाय तुटायचा, कुणाची मिशी.

जखमी बहिणीला रानात टाकून यायचं नाही, ही त्या घराची रीत. परतीच्या रांगेत सगळ्यात शेवटी अक्का असायची. अक्का म्हणजे घरातली सगळ्यात जुनी शिकारीण. पडलेल्या बहिणीजवळ जाऊन ती म्हणायची, "पाय दुमड, अंग आवळून घे, बाकी माझ्यावर सोड." मग तिला जबड्यात अलगद धरून घरी आणायची. आतल्या खोलीत चारजणी मिळून ती जखम चाटून चाटून साफ करायच्या. थोड्या दिवसांत तीच बहीण पाच पायांवर पुन्हा रांगेत हजर.

अशा किती जणी आणल्या, ते अक्कालाही सांगता आलं नसतं. पण आताशा तिचे सांधे कुरकुरायचे. चढ लागला की पाय उचलवत नसत. घरी पोचली की दाराशीच बसून राहायची, आत जायचंही त्राण नसायचं.

"अक्का, उद्या तू घरीच थांब. अळ्यांजवळ बस जरा," तिची पाठची बहीण म्हणायची. तिला सगळ्या मधली म्हणत. तिला पाचच पाय होते. अक्कानेच तिला एकदा ओढ्याकाठून उचलून आणलं होतं.

"मी बसले तर शेवटी कोण राहील?" अक्का म्हणायची आणि निघायची.

एके दिवशी कुजलेल्या ओंडक्याखाली वाळवीची मोठी वस्ती सापडली. झुंज जबर झाली. एका शिपायाने अक्काचा मागचा पाय मुळातून तोडला. दुसऱ्याने दुसरा पाय धरला. अक्काने त्याचं धड तोडून टाकलं, पण त्याचं डोकं पायाला तसंच चिकटून राहिलं, जबडा घट्ट मिटलेला.

शिकार उचलून रांग परत फिरली. मधली मागे आली.

"अक्का, चल. धरते तुला."

"मला काही झालं नाही. त्या पलीकडच्या दोघींना ने."

"त्यांना नेलं केव्हाच. मी तुझ्यासाठी आलेय."

मधलीने तिला जबड्यात धरलं. अक्काने अंग ताठ केलं, पाय झाडले. ताठ मुंगी उचलता येत नाही, तिचे पाय गवतात अडकतात. मधलीने तीनदा धरलं, तिन्ही वेळा अक्का निसटली.

"अगं, आजवर मी सगळ्यांना उचललं," अक्का म्हणाली. "आता मला गाठोड्यासारखं आणलेलं सगळ्या घराने बघायचं का? जा तू. मी येते सावकाश."

"अक्का, ऊन चढतंय. रांग लांब गेली."

"जा म्हटलं ना!"

थोरल्या बहिणीपुढे मधली काय बोलणार? ती गेली.

अक्का निघाली. चार पावलं चालायची, थांबायची. पायाला लटकलेलं ते डोकं प्रत्येक काडीत अडकायचं. जमीन तापू लागली. वाटेत एका दगडावर मोठ्या डोळ्यांची, लांब जबड्यांची मुंगी बसली होती. तीही शिकारीणच, पण दुसऱ्या जातीची. तिच्याकडे रांग नसते. एकटीने भक्ष्य हेरायचं आणि उडी घालायची.

"काय गं, तुम्ही तर झुंडीनं हिंडता. तू एकटी कशी?" तिने विचारलं.

"बाकीच्या पुढे गेल्या."

"तुला टाकून?"

"नाही. मीच जा म्हटलं."

उडीवाली दगडावरून खाली उतरली. मग म्हणाली, "आमच्यात एकटीनं जायचं, एकटीनं यायचं. माझी बहीण परवा गेली ती आलीच नाही. कुठे पडली असेल, कुणाला ठाऊक? आमच्यात शोधायला जायची रीतच नाही. तुला न्यायला कुणी येतं, आणि तू त्याला परत पाठवतेस?"

अक्काने काडीत अडकलेला पाय ओढून सोडवला. ती पुढे सरकली.

आणि समोरून, त्याच वाटेने, मधली येताना दिसली. शिकारीचं ओझं घरात टाकून ती तशीच मागे फिरली होती. सोबतीला कुणी नाही, रांग नाही, एकटीच.

"अक्का! अगं, थांब तिथेच, आले मी!"

वाटेवरच्या वाळक्या पानाखाली कोळी दबा धरून बसला होता. रांग असती तर तो हललाही नसता. त्याने झेप घेतली. मधलीने बाजूला व्हायचा प्रयत्न केला, पण पाच पायांनी तिला ते साधलं नाही. अक्का वीतभर अंतरावर होती. ती धावली, ते डोकं गवतात अडकलं आणि ती तोंडावर पडली. उठून बघते तो पानाखाली ना कोळी होता, ना मधली.

बऱ्याच वेळाने दोघी बहिणी शोधत आल्या.

"अक्का, मधली कुठे?"

अक्काने मिशीने पानाकडे दाखवलं. दोघींनी ते रिकामं पान मिशीने चाचपलं. मग एकीने भीतभीत विचारलं, "उचलू तुला?"

अक्काने पाय दुमडले. तिला ते नीट जमेना. "मान आत घे, हं, अशी," ती बहीण म्हणाली, आणि अक्काला जबड्यात धरून चालू लागली. घरी दाराशी सगळ्या उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं, वाट करून दिली, आणि चौघी जखम चाटायला बसल्या. पायाला चिकटलेलं ते डोकं एकीने हळूहळू सोडवलं.

"फार दुखतंय का गं?" तिने विचारलं.

"हो," अक्का म्हणाली. "आणि फार थकलेय मी. कधीची थकलेय."

जिला हे सांगायला हवं होतं, ती मात्र तिथे नव्हती.

या गोष्टीतून मनाशी ठेवायचं ते इतकंच: दुसऱ्यांना आधार देणाऱ्याने आपली वेळ आली की आधार घ्यावाही. आपण नाकारलेल्या मदतीची किंमत पुष्कळदा मदतीला आलेल्यालाच मोजावी लागते.