दौलूनं वाचनालय हलकं केलं

कोळवडी गावात दौलू नावाचा एक भोळा शिपाई होता. भोळा म्हणजे किती? एकदा सरपंच त्याला एस.टी. थांब्यावर म्हणाले, "दौलू, जरा थांब, आलोच." आणि ते तालुक्याला निघून गेले. संध्याकाळी परत आले तर दौलू तिथंच उभा. जेवलासुद्धा नव्हता.

तर असा हा दौलू गावच्या वाचनालयात एकोणीस वर्षं नोकरीला होता. कुलूप उघडायचं, झाडलोट करायची, माठ भरायचा. कामात कसूर नाही. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. खरं तर हीच पंचाईत होती.

वाचनालयाच्या ग्रंथपाल अनसूयाबाई. त्यांनी दोन वर्षं खपून, एका बोटानं टाइप करून, तीन हजार चारशे बारा पुस्तकांची यादी संगणकात भरली होती. पुढच्या शुक्रवारी जिल्ह्याहून तपासणीला साहेब येणार होते. यादी हातात धरून ते कपाटातलं एकेक पुस्तक ताडून बघणार. जुळलं तर वाचनालय वरच्या वर्गात जाणार. नाही जुळलं तर मान्यता रद्द, दाराला कुलूप.

"माझा सगळा जन्म या अकरा कपाटांत गेलाय हो, दौलूभाऊ," बाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. दौलूचेही आले. समोरचं माणूस रडलं की त्याला धीर धरवत नसे.

आता अडचण अशी, की संगणक फारच सुस्तावला होता. सकाळी बटण दाबायचं, झाडून घ्यायचं, माठ भरायचा, तेव्हा कुठं पडदा उजळे. म्हणून तालुक्याहून फिरोजला बोलावलं. फिरोज संगणक दुरुस्त करतो, पोरगा हुशार, पण कायम घाईत. त्यानं हेल्मेट न काढताच मशीन बघितलं.

"दौलूमामा, यात शंभर नको ते प्रोग्राम कोंबलेत. जागा अडवून बसलेत नुसते. जे वापरात नाही ते काढून टाका, मशीन हलकं होईल. बटण दाबलं की झटक्यात सुरू!" त्यानं प्रोग्रामांची यादी कुठं दिसते ते दाखवलं, 'काढा' कुठं लिहिलंय तेही दाखवलं.

"आणि चुकून भलतंच काढलं तर?" बाईंनी विचारलं.

"त्यात काय बाई! फोन करा. मी परत बसवतो. दहा मिनिटांचं काम."

बाईंना पुस्तकांवर नंबर चिकटवायचे होते, फिरोजला पळायचं होतं. काम दौलूकडं आलं. दौलूनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी वाचनालय बंद. दौलू मुद्दाम आला, मशीन सुरू केलं आणि काय काय वापरात येतं ते बघत समोर खुर्चीत बसला. सकाळ गेली, दुपार गेली. काहीच वापरात आलं नाही. तेव्हा त्यानं वरून सुरुवात केली. वर होता छपाईचा प्रोग्राम. तो काढला आणि कुलूप लावून घरी गेला.

शुक्रवारी बाईंनी सूचनेचा कागद छापायला घेतला. छपाईयंत्राचा आवाज नाही, कागद नाही.

"अहो, छपाईचं कशाला काढलंत?"

"वापरात नव्हतं, बाई. मी दिवसभर बघितलं."

"सुटीच्या दिवशी कोण वापरणार? वर्षभराचं बघायचं असतं! आणि काढण्याआधी विचारावं माणसानं, कुणाचं अडणार आहे का."

फिरोज आला, परत बसवून गेला. दहा मिनिटं लागली. दौलूनं घड्याळ बघितलं होतं.

मग दौलू विचारायला लागला. यादीत पुढं पत्त्यांचा खेळ होता. निवृत्त घोडके गुरुजी रोज दुपारी वर्तमानपत्र आडवं धरून तोच खेळत. "माझं अडेल बाबा!" गुरुजी दचकून म्हणाले. पत्ते राहिले. त्याच्या खाली होता मराठी अक्षरांचा प्रोग्राम. गुरुजी तोवर घरी गेलेले. दौलू बाहेर पडला. दूध डेअरीत विचारलं, न्हाव्याकडं विचारलं, पिठाच्या गिरणीत तर ओरडून विचारलं.

"मराठी अक्षरं काढली तर तुमचं काही अडतं का?"

"नाही बा," गिरणीवाला म्हणाला. "आपलं काय अडतंय?"

सगळ्या गावात कुणाचंच अडत नव्हतं. दौलूनं परत येऊन अक्षरं काढली.

सोमवारी बाईंनी यादी उघडली. तीन हजार चारशे बारा ओळी, आणि सगळ्या ओळींत नुसते चौकोन. पहिल्या पुस्तकाचं नाव सहा चौकोन, लेखक अकरा चौकोन. बाई रडायलाच लागल्या.

"दौलूभाऊ, काय केलंत हे!"

"सगळ्यांना विचारून केलंय, बाई. गिरणीवाल्यालासुद्धा."

"गिरणीवाल्याला काय विचारता! मशीन स्वतःच विचारतं ना काढताना? ते काय सांगतंय ते नीट वाचा आधी!"

फिरोज आला. अक्षरं परत बसवली. चौकोनांची पुन्हा पुस्तकं झाली. "काढलेलं बसवता येतं हो, बाई, रडता कशाला?" तो म्हणाला आणि गेला. दहा मिनिटं.

मंगळवारी दौलूनं गाणी वाजवायचा प्रोग्राम काढायला घेतला. वाचनालयात गाणी कशाला? निवड चुकीची नव्हती, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तर मशीननं विचारलं, की हे काढलं तर याच्याबरोबर आणखी दोनशे चौदा प्रोग्राम जातील. आणि खाली दोनशे चौदा नावं. दौलूनं चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. बोट ठेवून, एकेक अक्षर लावून. दोन तास लागले. दोनशे चौदावं नाव वाचून झालं तेव्हा त्याला समाधान वाटलं. खाली विचारलं होतं, "पुढं जायचं का?" त्यानं 'हो' म्हटलं.

पडदा काळा झाला. डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकत राहिली, बस्स. दौलूनं बंद करून पुन्हा बटण दाबलं. काळा पडदा झटक्यात आला.

"बाई! हलकं झालं!"

बाई आल्या. बाईंनी बघितलं.

"वाचलं नाहीत का काय लिहिलं होतं ते?" त्या म्हणाल्या.

"सगळं वाचलं की."

"मग?"

"मग त्यानं विचारलं, मी 'हो' म्हटलं. एवढं विचारतंय तर."

या वेळी फिरोजनं हेल्मेट काढलं. यादी आत सुखरूप आहे म्हणाला, तेव्हा बाईंच्या जिवात जीव आला. त्यानं सगळं परत बसवलं, नको ते खरोखरचे प्रोग्राम स्वतः काढले आणि दौलूला समोर बसवलं.

"मामा, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मशीननं काही विचारलं, की 'नाही' म्हणायचं. आणि हाताशी नक्कल असल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही."

दौलूनं मान हलवली.

बुधवारी संगणक बटण दाबताच सुरू झाला. बाईंनी सगळी यादी छापली, एक सोडून दोन प्रती. कागदावर हात फिरवताना त्यांना हसू आवरेना. दोन वर्षांत कुणी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. एक प्रत त्यांनी टेबलावर ठेवली, एक दौलूकडं सांभाळायला दिली.

"मी आत्ताच जिल्ह्याला निघते, उद्या साहेबांच्या सह्यांचे कागद घेऊन तिथंच राहते. परवा तपासणी. तुम्ही तेवढी कपाटं आवरून ठेवा. इतकी कोंबलीत, की दार ओढून ओढून हात दुखतो."

"म्हणजे मशीनसारखी?" दौलूनं विचारलं.

बाईंची एस.टी. हॉर्न देत होती. "हो हो, मशीनसारखी!" म्हणत त्या पळाल्या.

गुरुवारी दौलू उजाडताच आला. या खेपेला चूक करायची नाही असं त्यानं ठरवलं होतं. एका दिवसाचं बघितलं नाही, वर्षभराचं बघितलं. प्रत्येक पुस्तकाच्या मागची तारखांची चिठ्ठी तपासली. वर्षभरात शिक्का पडलेली पुस्तकं निघाली एकसष्ट. बाकीच्यांचं त्यानं विचारून घेतलं. घोडके गुरुजींना गाठलं.

"गुरुजी, शब्दकोशाचा सातवा खंड काढला तर तुमचं अडेल का?"

"पत्ते आहेत ना?"

"आहेत."

"मग नाही अडत."

मग दौलू कपाटासमोर उभा राहिला. कपाटानं काही विचारलं असतं तर तो 'नाही' म्हणणार होता. त्यानं बराच वेळ वाट बघितली. कपाटानं काही विचारलं नाही. शेवटी त्यानं नक्कल बघितली. यादीत सगळ्या पुस्तकांची नावं नंबरासकट होती. एकही सुटलेलं नव्हतं.

गुरुवारी गावात रद्दीचा टेम्पो येतो. त्या दिवशी त्यानं सहा फेऱ्या मारल्या.

"कुणी काही म्हणणार नाही ना?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"सगळ्यांना विचारलंय," दौलू म्हणाला.

शुक्रवारी बाई साहेबांना घेऊनच एस.टी.तून उतरल्या. साहेब खुर्चीत बसले, चहा सांगितला. संगणक झटक्यात सुरू झाला. साहेबांनी छापलेली यादी चाळली. "बाई, अशी स्वच्छ यादी मी जिल्ह्यात बघितली नाही," ते म्हणाले. बाईंचे डोळे पुन्हा भरून आले. दौलूचेही.

"चला, आता पुस्तकं ताडून बघू," साहेब उठले.

दौलूनं पुढं होऊन कपाट उघडलं. एका बोटानं. करकर नाही, ओढाओढ नाही. मग दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. अकराच्या अकरा. दहा कपाटांत नुसत्या फळ्या होत्या, झटकून पुसलेल्या. अकराव्यात एकसष्ट पुस्तकं मोकळीढाकळी बसली होती.

साहेबांनी यादीकडं बघितलं. कपाटाकडं बघितलं.

"दौलूभाऊ," बाई म्हणाल्या. "पुस्तकं?"

"काढली की, बाई. दार बघा कसं झटक्यात उघडतंय."

बाई आता हंबरडा फोडणार हे दौलूला दिसलं. त्याला त्यांची दया आली. इतक्या वेळा बघूनही बाई उगाच घाबरतात, असं त्याला वाटलं. त्यानं खिशातून फोन काढला.

"हॅलो, फिरोजभाई? दौलू बोलतोय. जरा या की इकडं. तीन हजार तीनशे एक्कावन्न पुस्तकं परत बसवायची आहेत. नाही नाही, घाबरू नका, नक्कल आहे माझ्याकडं. पण या लवकर. साहेबांचा चहा यायला दहाच मिनिटं आहेत."